केबल कोणी तोडली?

ते प्रकरण आठवले की आजही मला आधी हसू येते आणि मागून वाईट वाटते.

मी तेव्हा मोताळा भागात ठाणेदार होतो. दोन मित्रांनी एका खोलीत केबलचे स्थानिक चॅनल सुरू केले होते. एक मास्तर, तो बातम्या वाचायचा. दुसरा मिस्त्री, गावोगावच्या खांबांवर त्यानेच तारा ओढल्या होत्या. बाजारभाव, लग्नाची वरात, हरवलेली म्हैस, सगळे पडद्यावर! बघता बघता आजूबाजूच्या तालुक्यांत जम बसला. मग शहरातली मोठी कंपनी आली. कागद मास्तरच्या नावावर होते. मिस्त्रीला न विचारता त्याने चॅनल विकले आणि कंपनीचा व्यवस्थापक झाला. मिस्त्री मात्र बाहेरच राहिला, तारांशी त्याचा संबंध संपला.

त्या पावसाळ्यात गावोगाव केबल तुटू लागली. मास्तरने अज्ञात इसमाविरुद्ध फिर्याद दिली. खबर मिळाली बाजारातल्या चहावाल्याकडून, आणि आपण खबर देतोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हते.

"मिस्त्री भरदुपारी शिडी लावून दुरुस्ती करून राह्यला होता, साहेब. मी त्याले चहाबी देला."

मिस्त्रीला ठाण्यात बोलावले. "मले काय माहीत" हाच त्याचा पाढा. शेवटी पंचनाम्यात जप्त केलेला तुकडा मी टेबलावर ठेवला. तोडलेल्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर चिकटपट्टी लावलेली होती.

"चोर लय मायाळू दिसते बे! तारेले सर्दी होऊ नये म्हणून कानटोपी घातली त्यानं."

"पाणी शिरलं तं पुरी लाइन सडते ना, साहेब," तो बोलून गेला आणि हमसून रडू लागला. "इकलं त्याचं दुःख नाही. मले सांगतलं काऊन नाही? सांगतलं असतं तं मीच त्यायले सारं जोडून देलं असतं."

अटक झाली. गुन्हा जामीनपात्र होता, पण कंपनीशी वैर नको म्हणून जामीनदार कोणी मिळेना. तेवढ्यात मास्तर सातबारा घेऊन हजर! मी उखडलोच.

"अहो, फिर्यादी तुम्ही अन् जामीनदारही तुम्हीच? पोरखेळ लावला का?"

"साहेब, त्याले माझ्याबिगर हाय कोण?"

मी जामिनाचा कागद त्याच्यासमोर सहीला ठेवला. पुढे कंपनीने ते चॅनल गुंडाळले आणि मास्तरची नोकरी गेली. फिर्यादीत माणूस नुकसान सांगतो, दुखणे सांगत नाही, हे मी तिथे शिकलो. त्यानंतर भागीदारांचे भांडण ठाण्यात आले की मी आधी विचारायचो, "दोघं एका ताटात शेवटचे कधी जेवलात?" बहुतेकांची मान खाली जायची.