मेतकुटाच्या डब्यातली वाळू

मी एकदा रत्नागिरीहून दिल्लीला समुद्र नेला होता. मेतकुटाच्या डब्यातून. हसा, पण थोडं हसू राखून ठेवा, कारण पुढे याहून मोठा मूर्खपणा येणार आहे. आज मी नातवंडांना "न विचारता कशाला हात लावू नये" असं डोळे वटारून सांगते, तेव्हा ही हकीकत बरी विसरते. तुम्हीही त्यांना सांगू नका.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची तरुणी होते. गुडगावात मेट्रो अजून पोचायची होती, पण नोकऱ्या पोचल्या होत्या आणि नोकऱ्यांमागून आमचा मिलिंदही. त्यानं नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर घर घेतलं होतं. सून सिमरन दिल्लीचीच, करोल बागेतली. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही चढ्ढाजी, बायको गेल्यापासून दोन वर्षं तिथल्या जुन्या घरात एकटे राहत होते. लेकीनं "आमच्याकडे चला" म्हणून धोशा लावला, तेव्हा कुठे ते कबूल झाले. तेही एका अटीवर. छन्नू सुखरूप आला तर.

छन्नू हा मासा. वीतभर लांब, पांढरा, पिवळ्या डोक्याचा, खाऱ्या पाण्यातला. दिवसभर तोंडात वाळू भरायची, कल्ल्यांतून गाळून सोडायची आणि तिच्यातलं खाणं तेवढं गिळायचं, हा त्याचा उद्योग. म्हणून विहीणबाईंनी त्याचं नाव छन्नू ठेवलं होतं (हिंदीत छानना म्हणजे चाळणे). टाकी त्यांचीच, हौसही त्यांचीच. त्या गेल्या आणि चढ्ढाजींना माशाचं सगळं त्यांच्या वहीत वाचून शिकावं लागलं.

"आई, तू ये," मिलिंद फोनवर म्हणाला. "टाकी हलवायची म्हणजे जुनी वाळू टाकून नवी घालावी लागते. जुनी ढवळली की तिच्यातली घाण पाण्यात उतरते आणि मासे मरतात. आणि छन्नूला काही झालं ना, तर बाबा परत करोल बागेत जाऊन बसतील. मग त्यांना कोणी हलवू शकणार नाही. सिमरननं आठवडाभर धड जेवण केलेलं नाही."

नवी वाळू! मी मनात म्हटलं, दिल्लीकरांना कुठून मिळणार समुद्राची वाळू? लगेच भाट्याच्या किनाऱ्यावर गेले आणि घरातला सगळ्यात मोठा डबा भरून आणली. किनाऱ्यावरची वाळू अशी उचलायची नसते, हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. डबा मेतकुटाचा होता. पुसला होता, अगदी पदरानं.

गाडीत चिपळूणला एक मुलगी चढली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला करोल बागेत निघाली होती. माझी पिशवी सीटखाली सरकवताना तिचा चेहरा लाल झाला.

"काकू, काय भरलंय यात?"

"समुद्र."

"मग जरा कमी आणायचा ना!" ती म्हणाली आणि पुढे दिल्ली येईपर्यंत माझ्या दशम्या तिनं मनापासून खाल्ल्या.

निजामुद्दीनला उतरले तेव्हा नोव्हेंबरचं धुरकट ऊन पडलं होतं. मिलिंदच्या गाडीतून धौला कुआँ मागे टाकलं, विमानतळ गेलं आणि मग ते गुडगाव सुरू झालं. एका बाजूला काचेची दहामजली कचेरी, तिच्या काचेत उतरलेलं आभाळ आणि त्या आभाळाखाली चिखलात सुखानं बसलेल्या म्हशी. सरसोंचं (मोहरीचं) कोवळं शेत, त्यात एक पाटी: इथे लवकरच मॉल. आणि जिकडेतिकडे वाळूचे ढीग. बांधकामाची जाडी, तांबूस वाळू. तिला तिथे बदरपूर म्हणतात. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या डब्यात काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं आधी समोरच्या दुमजली ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माँजी, रेत लाई हो? गुडगाँव में?"

तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण शहाणपण आमच्याकडे मालगाडीनं येतं.

वर चढ्ढाजी नवी टाकी पाहायला आलेले होते. उंच, वाकलेले, कोपरावर उसवलेला स्वेटर घातलेले. मोकळी टाकी हॉलच्या भिंतीशी उभी होती आणि ते तिच्या काचेवरून उगीच रुमाल फिरवत होते. माझ्या हातातला डबा पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला. लग्नात मी तोच डबा भरून मेतकूट नेलं होतं आणि हा माणूस चार दिवस गरम भात, तूप आणि मेतकुटावर राहिला होता.

"वही वाला?" त्यांनी विचारलं आणि झाकण उघडलं. आत बघितलं. मग बोट घालून बघितलं. मग वास घेतला.

"समधनजी, इसमें तो हींग की खुशबू है."

मी ऐटीत सांगितलं की ही असल (खरी) समुद्राची वाळू, छन्नूला माहेरची वाटेल.

फ्रिजवर एक लोहचुंबक चिकटवलेलं होतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी डब्यात फिरवलं. बाहेर काढलं तर त्याला काळीभोर दाढी फुटलेली! रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू पट्ट्यापट्ट्यानं असते, जन्मभर तिच्यावर फिरले होते मी. पण ती चुंबकाला चिकटते हे मला दिल्लीत कळलं. चढ्ढाजींनी विहीणबाईंची वही उघडली आणि हळूच वाचून दाखवलं: ज्या वाळूत लोखंड, ती टाकीत नको. जिचा ठाव माहीत नाही, तीही नको. "आपका बहुत शुक्रिया," असं म्हणून त्यांनी डबा बाल्कनीत नेऊन ठेवला. मी म्हटलं, "काही हरकत नाही." आणि संध्याकाळभर कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी वाळू निवडायला करोल बागेत गेलो. मी, चढ्ढाजी, आणि त्यांच्या खिशात एक औषधाची बाटली. साड्या, सोनं आणि मोटारींचे सुटे भाग यांच्यामधून वाट काढत एका बोळातल्या दुकानात शिरलो. आत निळ्या उजेडात टाक्याच टाक्या. दुकानदारानं चढ्ढाजींना पाहून कपाळाला हात लावला.

"आ गए सिरकेवाले!"

बाटलीत सिरका, म्हणजे व्हिनेगर होतं. दुकानदारानं वाळूचे नमुने पुढे ठेवले. मला एक निळी वाळू फार आवडली, अगदी पैठणीच्या पदरासारखी. चढ्ढाजींनी ती ओल्या बोटांत चोळली. बोटं निळी झाली. रंग उतरतो तो पाण्यातही उतरणार. नको. दुसरी पांढरीशुभ्र, चमचमणारी. तिच्यावर सिरका टाकला, ती ढिम्म. "काँच की बहन है," चढ्ढाजी म्हणाले. बिनविषारी, पण पाण्याला काही देत नाही, आणि कडा धारदार. तिसरी मळकट, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी, बाहेरून मागवलेली. तिच्यावर थेंब पडताच बारीक फसफस उठली. शिंपल्यांच्याच जातीची, चुन्याची. पाणी आंबट व्हायला लागलं तर ही हळूहळू विरघळून ते सावरते. खाऱ्या टाकीला हीच हवी.

"हो गया?" दुकानदारानं विचारलं.

"अभी कहाँ," चढ्ढाजी म्हणाले.

"अंकलजी, रेत ले रहे हो कि लड़की का रिश्ता देख रहे हो?"

चढ्ढाजींनी वही काढली. शेवटची परीक्षा विहीणबाईंच्या अक्षरात होती: मूठभर घेऊन घट्ट दाबा, टोचली तर परत. त्यांनी स्वतःची मूठ पुढे केली, मग थांबले. "मेरे हाथ तो अब लकड़ी हैं. ये काम वो करती थी." आणि ते माझ्याकडे बघायला लागले.

मी वाळू मुठीत धरली आणि डोळे मिटून दाबली. पहिल्या पोत्यातली टोचली. दुसऱ्यातली रव्यासारखी मऊ लागली. "ही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मी निवडलेली पोती, दुसरा प्रश्न न विचारता, घेतली.

इथपर्यंत मी किती गुणी बाई होते पाहा. गुडगावच्या बाल्कनीत बसून ती वाळू मी परातीत तांदळासारखी धुतली, निवळ पाणी येईपर्यंत. दोन बोटं जाडीचा थर दिला. मिठाचं पाणी मोजूनमापून कालवलं आणि खळगा पडू नये म्हणून ताटलीवरून हलकेच ओतलं. जुन्या टाकीतले दगड ओलेच आणून मांडले, कारण पाणी राखणारे जीव त्या दगडांतच वस्तीला असतात. एक दिवस गढूळपणा खाली बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी छन्नूला झाकणाच्या बादलीत, त्याच्याच जुन्या पाण्यात आणलं. चढ्ढाजी बादली पायांत धरून बसले होते आणि मिलिंदनं ब्रेकला पाय लावला की "ओए!" म्हणून ओरडत होते.

नव्या टाकीचं पाणी पातेल्यात काढून घेऊन चढ्ढाजी ते बादलीत वाटी वाटी मिसळायला आतल्या खोलीत बसले. बाकीचे चहा करायला गेले. टाकीपाशी मी एकटी आणि बाल्कनीत माझा डबा.

आता ऐका. आपण दुधात विरजण घालतो ना, चमचाभर? तेवढ्यानं सगळं भांडं आपल्या घरचं होतं. मी म्हटलं, मूठभर. फक्त विरजणापुरती. नव्या घरात पाऊल टाकताना त्या जीवाला थोडी खऱ्या समुद्राची ओळख लागू दे. चुंबक, सिरका, वही, सगळं डोळ्यांनी पाहिलेली ही बाई डब्यातून मूठ भरून घेऊन आली आणि टाकीच्या कोपऱ्यात नव्या वाळूखाली पुरून मोकळी झाली. न धुता!

छन्नू टाकीत उतरला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. तो इकडेतिकडे हुंगत फिरला आणि सगळी टाकी सोडून नेमका त्याच कोपऱ्यात गेला. तोंड भरलं. कल्ल्यांतून काळी रेघ सुटली. त्यानं डोकं झटकलं, पुन्हा झटकलं आणि दगडाला टेकून भराभरा श्वास घ्यायला लागला.

चढ्ढाजी उठून काचेपाशी आले. त्यांनी तळवा काचेवर टेकवला. मग म्हणाले, "मैंने उसको घर से निकाला. नहीं निकालना चाहिए था." सिमरननं तोंडावर ओढणी धरली.

गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. मी हातातला पेढा खाली ठेवला.

"तुम्ही नाही," मी म्हटलं, "मी. मी माझी वाळू घातली आहे. त्या कोपऱ्यात. मूठभर."

"आई!" मिलिंद एवढा मोठ्यानं ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकला.

चढ्ढाजी ओरडले नाहीत. "चुंबक," एवढंच म्हणाले. सिमरननं छन्नूला परत बादलीत, जुन्या पाण्यात घेतलं. त्यांनी रबरी नळी तोंडानं ओढून कोपऱ्यातली वाळू पाण्यासकट बाहेर काढायला घेतली आणि पिशवीत गुंडाळलेलं चुंबक माझ्या हातात दिलं. मी बाही वर करून खांद्यापर्यंत हात घातला आणि काळा कण न् कण वेचला. काढायचं, पुसायचं, पुन्हा घालायचं. कंबर मोडली. शेवटी दहादा फिरवूनही चुंबक कोरं आलं. मग तिथे आधीची उरलेली मऊ वाळू भरली, काढलं तेवढं मिठाचं पाणी पुन्हा घातलं. छन्नू एक दिवस बादलीतच राहिला, आणि मी तिच्याजवळ स्टुलावर. अशा वेळी नवस बोलतात. पण माशासाठी गणपतीला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसतीच "सॉरी, सॉरी" म्हणत बसले. छन्नूलाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा टाकीत गेला. आम्ही चौघं जमिनीवर रांगेत बसलो. तो कोपऱ्याजवळ आला, थांबला आणि त्यानं तोंडभर वाळू घेतली. कल्ल्यांतून पांढरा, बारीक पाऊस पडला. दुसरा घास. तिसरा. चढ्ढाजींनी डोळे पुसले आणि सिमरनला म्हणाले, "करोल बाग़ वाले घर पे ताला लगवा दे, बेटा. मैं तो अब इधर ही हूँ." सिमरन त्या सकाळी चार आलूचे पराठे जेवली. मी मोजले.

परतताना माझा डबा चढ्ढाजींनी स्वतः घासून दिला, आत गजक (तीळगुळाची कुरकुरीत वडी) भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्यांच्याकडेही आहेच. वाळू वेगळ्या पिशवीत बांधून दिली. ती मी भाट्याला नेऊन, होती तिथे ओतली. लाटेनं दोन मिनिटांत सपाट केली, जणू ती कधी दिल्लीला गेलीच नव्हती. तिथे उभी राहून मी जरा विचार केला. जुन्या जागेवरून कुणाला हलवायचं तर त्याच्या पायाखाली काय अंथरायचं, हे आपल्या हौसेनं ठरवू नये. मुठीत धरून बघावं; टोचलं तर परत.

एवढं शहाणपण सुचल्यावर लगेच हसूही आलं, कारण निजामुद्दीनचा फलाट आठवला. गाडी हलली तेव्हा चढ्ढाजी खिडकीला धरून चार पावलं चालले होते. मिलिंदकडून पाठ करून घेतलेलं मराठी त्यांनी एका दमात म्हणून टाकलं होतं:

"विहीणबाई, पुढच्या वेळी डब्यात मेतकूटच आणा. समुद्र आमच्या घरी आहे."