फुफाटाकाकूंनी विहीर अडवली

हे आत्ताच्या आत्ता सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. काल वारा सुटला, अंगणात धूळ उठली, नि माझा हात आधी पाण्याच्या कळशीवर गेला, मग डोळ्यांवर. ही सवय माझी नव्हे, फुफाटाकाकूंची.

काकू आमच्या शेजारच्या. काका बोटीवर खलाशी. त्यांनी माणदेशातल्या दुष्काळी गावची ही बाई लग्न करून जयगडला आणली. काका वारले तरी त्या इथंच राहिल्या. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळावरची, लाल धूळ नाकात जाऊन आम्ही खोकलो की म्हणायच्या, “ही कसली धूळ? आमच्या फुफाट्यात भर दुपारी दिवा लावत्यात.” म्हणून ते नाव. काकू भांडीसुद्धा कोरड्या राखेनं घासून नुसती पुसून ठेवायच्या. आम्ही हसायचो.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. भाताची रोपं जळाली, विहिरीत तळाशी राहिलं तेवढंच पाणी. अशा वेळी आमच्याकडे देव बुडवतात. गाभाऱ्याचा उंबरा मातीनं बांधून घ्यायचा नि पिंडी दिसेनाशी होईपर्यंत घागरी ओतायच्या. देव गुदमरला की पाऊस पाडतो म्हणे. अख्खा गाव घागरी घेऊन विहिरीवर गेला, तर काकू रहाट धरून बसलेल्या.

“वैनी, उठा बघू,” खोत म्हणाले. “देवाचं काम आहे.”

“आन् गुरांनी काय प्यावं?”

“पाऊस पडला की पितील.”

“आन् न्हाई पडला तर?”

“म्हणून काय देवाला कोरडा ठेवायचा?”

“ऱ्हाऊ द्या. आपल्यासंगं त्योबी तान्हेला ऱ्हाऊ द्या. मंग त्याला कळंल.”

मागून कुणीतरी म्हणालं, घाटावरची बाई, तिला आमची रीत काय ठाऊक.

“रीत न्हाई ठाव,” काकू म्हणाल्या. “तहान ठाव हाय.”

पहिली घागर खाली ठेवली ती गुरवानंच. त्याची गाय गाभण होती.

पाऊस आला तो उशिरा, नि थोडकाच. पण गुरं जगली. खोत अजून म्हणतात, देव बुडवला असता तर चांगला पडला असता.

गेल्या चैत्रात काकूंचा भाऊ आला. तिकडे पुन्हा दुष्काळ, गाव रिकामा होत चाललेला. बहिणीकडेच राहावं म्हणून तो आलेला. काकूंनी त्याला पोटभर जेवू घातलं नि दुसऱ्या दिवशी त्यालाच घेऊन माहेरी निघाल्या.

“काकू, लोक तिथून पळतायत, नि तुम्ही तिथंच चाललात?” मी विचारलं.

“समदीच पळाली तर विहिरीवर कोण बसंल?”

जाता जाता आमच्या कळशीवर झाकण आहे ना, ते तेवढं बघितलं नि गेल्या.

तुमच्या गावात होतं का असं कुणी? वारा सुटला की तुमचा हात आधी कुठं जातो?