शांताक्काचं कोकरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई. देवाला म्हणावं, तर प्रार्थनेतही मी आडवळणानंच बोललो. तुम्हाला सांगायलोय, तर मधी थांबवू नका—थांबलो की मी उपदेश करायला लागतो. सवयच पडलीय तशी.

दुबलगुंडीजवळच्या एका गावात मी ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक होतो. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूरच होतं. दर रविवारी माझं एकच चालायचं—एक कोकरा, आपला प्रभू, सगळ्यांच्या पापासाठी गेला, एकदाच गेला, आता मरीआईला कोकरं कापायचं काम न्हाई. जो कापील त्याला प्रभुभोजन न्हाई, चर्चमधली ती भाकर आन् प्याला न्हाई. हा नियम कुणी केला? मीच.

आन् मग माझी पोरगी तापली. हुमनाबादला नेऊन सुया दिल्या, प्रार्थना झाल्या, ताप हटंना. आठव्या दिवशी मी—काय सांगू तुम्हाला—शांताक्काकडं गेलो. मंडळीतलीच विधवा, चार मेंढरं राखायची. एक कोकरू मागितलं. कशाला, ते तिनं विचारलं न्हाई. दुपारी सगळे तुरीच्या रानात गेलेले, तेव्हा मी ते मरीआईपुढं कापलं. माझ्या हातानं. मुंडकं रीतीप्रमाणं तिथंच ठेवलं.

पोरगी उठली. सुयांनी, का प्रार्थनेनं, का त्या कोकरानं? मला आजही ठाऊक न्हाई, आन् त्याचा लई वैताग येतो.

पण मुंडक्याच्या कानाला खाच होती. शांताक्काची खूण, सारं गाव ओळखायचं. प्रभुभोजन द्यायला बिदरहून पाळक आले, त्यांच्यापुढं गोष्ट गेली. त्यांनी मला विचारलं. मी म्हणलो, "कोकरू शांताक्काचं हाय." यात खोटं काय? एक शब्द खोटा न्हाई—आन् तरी सगळं खोटं. तिनं माझ्याकडं बघितलं. एवढंच म्हणली, "व्हय, माझंच हाय." तिनं माझं नाव घेतलं असतं तर माझी उपदेशकी त्याच दिवशी गेली असती.

पाळक म्हणले, पाप कबूल केलं की घ्या तिला आत. न केलेलं तिनं काय कबूल करायचं? तेव्हापासून ती चर्चच्या पायरीवर बसायची, चपलांच्या शेजारी. नऊ वर्षं. मी आतून सांगायचो—निर्दोष कोकरा, दुसऱ्याचं पाप वाहणारा, तोंड न उघडणारा—आन् दारातून ती दिसायची. मला काय वाटायचं? लाज? न्हाई हो. राग यायचा. तिचाच. ही बोलत कामून न्हाई? एकदाचं बोलून टाक की बाई, सुटू दे मला.

मग ती अंथरुणाला खिळली. एकदाच निरोप धाडला—आता तरी प्रभुभोजन मिळंल का?

मी सांगून पाठवलं, नियम हाय.

चौथ्या दिवशी ती गेली. मातीला मीच उभा राहिलो. तिथं तरी सांगायचं होतं—मी कोकऱ्यावरच बोललो. बायका रडल्या. परतताना एकजण म्हणला, "उपदेशक, आज लई चांगलं बोललात."

मी व्हय म्हणलो.