म्युझियममध्ये नेलेल्या चपला

मुलगी अंबरनाथला दिलेली. एका रविवारी सकाळीच ती बदलापूरला आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, तयार व्हा, मुंबईच्या म्युझियममध्ये इजिप्तच्या जुन्या वस्तू ठेवल्यात, बघून येऊ. माझ्या मनात पाल चुकचुकली. तिची आई गेल्यापासून आठ महिन्यांत मला कोणी नाक्यावर चहा प्यायला नेलं नव्हतं, आणि आता एकदम इजिप्त.

घरात भांडण चाललं होतं ते चपलांवरून. बायकोला दवाखान्यात नेलं ते उचलून. तिच्या चपला दाराशी राहिल्या, त्या मी हलवू दिल्या नाहीत. मुलगा म्हणायचा, गेलेल्या माणसाच्या चपला घरात ठेवत नाहीत. सून म्हणायची, येणारे-जाणारे विचारतात. मी म्हणायचो, हात लावून बघा.

मुलगी आत चहा पीत होती. तेवढ्यात मी चपला पेपरात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि वर पाण्याची बाटली ठेवली.

म्युझियमच्या दारात गार्डने पिशवी अडवली. आत न्यायची नाही, इथे जमा करा. यात नुसतं पाणी आहे म्हटलं, तर त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि खाली हात घातला. पेपर फाटला.

"चाचा, ये तो लेडीज का है."

"मालूम है किसका है," मी म्हटलं.

मुलीने चपला ओळखल्या. आईने अंगठा दोनदा शिवून घेतलेला, गुडघ्यामुळे उजवी टाच जास्त झिजलेली. कोणीही ओळखलं असतं. ती मला ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बघत राहिली. मला बाहेर काढून मागे चपला टाकायचा बेत आहे, याची तिथेच माझी खात्री पटली. गार्डने नंबरचा बिल्ला दिला, तो मी मुठीत धरून ठेवला. त्याच्यावर तरी काय भरवसा?

आत एक लाकडी पेटी होती, माणसाच्या आकाराची, वर बाईचं तोंड रंगवलेलं. मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जन्मभर फर्निचरला पॉलिश मारलं. नवं लाकूड जुनं करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं पाहिली, करूनही दिलं. असं काम करणारा पुढची बाजू नासवतो आणि खालची विसरतो. म्हणून मी गुडघ्यावर बसून खालून बघितलं. मुलगी म्हणाली, बाबा, लोक बघतायत. बघू देत. खालची बाजूही तशीच तडकलेली होती. पेटी खरी आहे, एवढं मान्य केलं.

पुढच्या काचेत चपला होत्या. गवताच्या विणलेल्या, लहान पायाच्या. मला आयतंच सापडलं.

"बघ. हजारो वर्षं झाली, कोणी फेकल्या नाहीत. तुझ्या भावाला आठ महिने जड झाले."

तिने काचेवरची पाटी वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "गेलेल्या बाईबरोबर तिच्या माणसांनी दिल्या होत्या, बाबा. पुढे चालायला. नंतर कोणीतरी थडगं उकरून काढून आणल्यात."

आम्हीही तेराव्याला चपला आणि छत्री दान दिली होती, पण त्या नव्या होत्या. नव्या चपलेने तिला फोड यायचे. हे भटजीला काय माहीत? मला माहीत होतं, आणि मीच तिच्या पायातल्या दाराशी अडवून ठेवल्या होत्या.

बाकावर बसल्यावर तिने कबूल केलं. दादाने सांगितलं होतं, बाबांना दिवसभर बाहेर ने.

बाहेर येऊन बिल्ला दिला, पिशवी घेतली, दोन्ही चपला आहेत ना ते तिथेच काढून बघितलं.

घरी दाराशी ती जागा धुतलेली होती, फिनेल मारलेलं. मुलगा माझ्या पिशवीकडे बघत होता. दिवसभर शोधल्या असणार. मी चपला दाराशी ठेवल्या नाहीत. माझ्या खाटेखाली सरकवल्या आणि त्याला सांगितलं, "मी गेलो की माझ्याबरोबर ह्या द्यायच्या. तिच्यापर्यंत मी नेईन."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की माझा विश्वास बसेना. म्हणून मुलीलाही वेगळं सांगून ठेवलं.