खरात सिस्टर आणि कादंबऱ्यांतल्या बायका

खरात सिस्टर कादंबरी वाचत नसत, कादंबरीतल्या बाईशी भांडत. छावणीतल्या आमच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. बरोबर तिच्याखाली त्यांची खुर्ची. दुपारी चारला त्या येत, पुस्तक उघडत आणि दहाव्या मिनिटाला आवाज चढे, “आगं, पुन्हा त्याच्याकडंच चालली व्हय? कालच कानाखाली मारली ना त्यानं?”

पेपर वाचणारे आजोबा दचकत. “कुणी मारली? कुठं?”

“पान एकशे बारा,” सिस्टर सांगत.

सरकारी दवाखान्यात उभा जन्म परिचारिका म्हणून काढलेला, त्यामुळे निदान झटपट असे. नायिका फार रडू लागली की, “हिला आधी पोटभर जेवू घाला.” नायक माफी मागू लागला की, “ताप उतरलाय, रोग नाय गेला.” आणि नायिका तिसऱ्यांदा परत गेली की पुस्तक माझ्या, म्हणजे ग्रंथपालाच्या, टेबलावर आपटलंच म्हणून समजा. “घे मीनल. हिला डिस्चार्ज. ती त्याला सोडंना, मग मीच हिला सोडलं.”

शेवट मात्र त्यांना कळायलाच हवा असे. मग शिवणकाम करणाऱ्या नसीमआपा तेच पुस्तक घरी नेत आणि पुढचं येऊन सांगत. आपांचा जीव नायिकांसाठी तुटायचा. “सिस्टर, दिल का मामला है, ऐसे नहीं छूटता,” असं म्हणत त्या डोळे पुसत.

“दिलाचा असता तर ईसीजी काढला असता,” सिस्टर म्हणत. “हा डोक्याचा हाय.”

एकदा वाचकभेटीला एक लेखक आले. त्यांच्या कादंबरीतली नायिका एका बेफिकीर माणसासाठी अकरा वर्षं झुरते. प्रश्न विचारायला सांगताच सिस्टर उभ्या राहिल्या. “पान साठवर तिला भाऊ होता, फर्दापूरला. तो पुढं कुठं गेला?”

“तो भाऊ तसा प्रतीकात्मक आहे,” लेखक म्हणाले.

“असू द्या की. पण बहिणीला न्यायला एसटीनं आला असता का नाय?”

लेखकांनी पाणी मागितलं.

त्याच सुमारास माझा साखरपुडा झाला होता. मुलगा पुण्यात, नोकरी उत्तम. दिवसातून सहा-सात वेळा त्याचा फोन यायचा. कुठे आहेस? आवाज कुणाचा येतोय? फोटो पाठव. मी पाठवत असे. आई म्हणायची, “काळजी आहे गं त्याला.” मीही स्वतःला तेच सांगत होते.

एका दुपारी मी सिस्टरना म्हणाले की, एक नवी कादंबरी आली आहे, आणि माझीच गोष्ट त्यांना सांगून टाकली. नायिकेला तेवढी बँकेत नोकरी दिली. मग शिव्यांची वाट बघत उभी राहिले.

सिस्टर ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत बसल्या.

“ती पोरगी जेवते का नीट?” त्यांनी हळूच विचारलं.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “बस इथं.”

तेवढ्यात फोन वाजला. फोटो पाठव. “मागतोय तर दे की,” म्हणत सिस्टरनी आपला चेहरा माझ्यापुढे घातला. फोटोत मी थोडी आणि सिस्टरचं कपाळ फार. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपांनाही बोलावलं. तिसऱ्या दिवशी पेपर वाचणारे आजोबा. “आजचा पेपर धरा. तारीख दिसली पायजे, पुरावा लागतो त्याला.” शनिवारी फोटोत चौदा माणसं होती, पोस्टमनसकट.

मग फोन आला. “ही म्हातारी कोण आहे? ही सगळी माणसं कोण आहेत?” तो संतापला होता आणि मला हसू फुटलं. साखरपुड्यानंतर त्याच्याशी बोलताना मी पहिल्यांदाच हसत होते. ते काही थांबेना.

“हसतेस काय? आत्ताच्या आत्ता घरी जा.”

“नाही जाणार,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात अंगठी परत गेली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टर आणि आपा घरी आल्या आणि आईबरोबर सकाळभर मेथी निवडत बसल्या. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. निघताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, “ताई, मेथी झ्याक हाय.” आई हसली आणि मग मनसोक्त रडली.

मागच्या वर्षी सिस्टर लेकीकडे नांदेडला राहायला गेल्या. आम्ही त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बस सुटायला वेळ होता, म्हणून मी खिडकीशी उभी राहून कित्येक दिवस मनात असलेलं विचारलं. “सिस्टर, त्या दिवशी मला ओरडला का नाहीत? खरातकाका तसे होते का?”

“छे गं! लई गुणी माणूस. कधी आवाज चढवला नाय.” मग म्हणाल्या, “वॉर्डात एक बाई यायची. दर वेळी म्हणायची, जिन्यावरनं पडले. एकदा मी लई ओरडले तिला. चारचौघांत. त्यानंतर ती आलीच नाय. कशी हाय, कुठं हाय, काय कळालं नाय.”

कंडक्टरने डबल बेल दिली. त्यांनी माझा हात धरला होता.

“पोचल्यावर फोन करा,” मी म्हणाले.

“तूच करत जा,” बस हलता हलता सिस्टर म्हणाल्या. “तू कशी हाय, ते सांगत जा.”