‘येतो’ म्हणाला होता

स्थलांतराच्या परिणामांवर प्रबंध लिहायचा म्हणून मी कोकणात घरोघर फिरत होतो. एका अंगणात आमसुलं वाळत घालणाऱ्या काकूंना विचारलं, “मुलगा परदेशी कधी गेला?”

त्यांचा हात थांबला. “गेला म्हणू नका हो. ‘येतो’ म्हणाला होता.”

खरंच, उंबरा ओलांडताना आपण कुणीच ‘जातो’ म्हणत नाही. माझ्या प्रबंधात मात्र सगळे गेलेलेच आहेत. या ‘येतो’चं काय करायचं ते आमच्या शास्त्राला ठाऊक नाही. आणि काकू तर त्या एका शब्दावर तगून आहेत.

निघताना तोच शब्द माझ्या ओठांवर आला. मी पुन्हा येणार नव्हतो, म्हणून गप्प उभा राहिलो.

लाल झालेले हात पदराला पुसत काकू म्हणाल्या, “येतो म्हणा. खोटं असलं तरी म्हणा.”