चित्रातले पाठमोरे दोघे

मी शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा घरात एखादं चित्र असणं ओघानं आलं. उमरग्याच्या आमच्या बैठकीत एका जुन्या परदेशी निसर्गचित्राची छापील प्रत आहे, रोमँटिक म्हणतात त्या प्रकारातली. धुक्यातले डोंगर, खाली दरी आणि कड्यावर पाठमोरे उभे दोन पुरुष. अफाट निसर्गापुढे माणूस किती लहान, असा तिचा अर्थ मी वर्गात सांगतो. मुलं वहीत उतरवून घेतात. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अण्णा, म्हणजे माझे वडील, गावाकडून आठ दिवस आले आणि नेमके त्या चित्रासमोरच्या खुर्चीत बसले. एरवी मला बरं वाटलं असतं. पण आदल्याच आठवड्यात मी आमचं हायवेलगतचं रान दोन प्लॉटिंगवाल्यांना गुपचूप दाखवून आलो होतो. सातबारा अण्णांच्या नावावर, आणि या वयातही ते रोज त्या रानात जाणारे. त्यांची सही कशी मिळवायची, एवढंच ठरायचं होतं. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत.

डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांनी विचारलं, "हे दोगं कोण?"

"कोणी नाही. निसर्ग बघतायत."

"बिनकामाचं? हातात खुरपं न्हाय, संगट ढोरं न्हायत. कुणाच्या रानात उभारलेत?"

मी हसलो, पण मनात पाल चुकचुकली. बांधाशेजारच्यानं फोन तर केला नसेल? डोळ्यात थेंब घालताना मी त्यांचा चेहरा निरखत होतो. तेही मलाच निरखतायत, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कसायला रान घेणारा माणूस खाली बघतोय. ढेकूळ फोडतोय, मातीचा वास घेतोय. हे लांब बघायलेत. म्हंजे ह्यांला माती नको, रस्ता पायजे."

"अण्णा, तिकडचं चित्र आहे ते. लई जुनं."

"व्हय, असंल. पर दोगं परके दिसायलेत. दावणारा कुठंय?"

"तो चित्रात नाही."

"न्हाय कसा? दावणारा घरचाच असतोय, पाठीमागं उभारलेला." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. "आपुन बसलोय न्हवं, हितंच."

इतकी वर्षं चित्र शिकवतोय, पण बघणारा कुठं उभा आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. रागही आला, कारण त्यांना कळलंय की नाही याचा अजून थांगपत्ता नव्हता. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं. कोण आले होते, कुठपासून कुठपर्यंत दाखवलं, कुठली झाडं जाणार होती.

अण्णांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"सांगितलंस, बरं झालं," ते म्हणाले. "पर आदी त्येंला सांगितलंस."